मोजडी चावली म्हणून नाचलो

लग्नाआधी मी कुठल्याच वरातीत नाचलो नव्हतो. मित्रांच्या लग्नांत मी वरातीच्या मागच्या टोकाला असायचो, काकू-मावश्यांच्या पिशव्या सांभाळत. सावरगावच्या शाळेत गणित शिकवणारा, हळू बोलणारा माणूस, अशीच माझी ओळख होती आणि मला ती सोयीची वाटायची. सौसरला मुलगी पाहायला गेलो तेव्हाही चहा छान झाला आहे, एवढंच बोललो. तो चहा तिनं नव्हे, तिच्या वडिलांनी केला होता, हे नंतर कळलं.

लग्न ठरलं आणि माझ्या धाकट्या काकांनी मनावर घेतलं की नवरदेवाच्या पायात रेक्झिनचा चकचकीत जोडा दिसता कामा नये. पांढुर्ण्याच्या बाजारामागच्या गल्लीत हातानं जोडे शिवणारे एक गृहस्थ बसत. त्यांच्याकडे कागदावर पाय ठेवून माप दिलं. मोजड्या तयार झाल्या त्या बदामी रंगाच्या, तळसुद्धा चामड्याचाच, कडेनं जाड पांढऱ्या दोऱ्याची शिवण. पण डावी कोणती आणि उजवी कोणती, हे काही कळेना. दोन्ही अगदी सारख्या. यात डावं-उजवं नसतं, घालून घालून पायच ते ठरवतो, असं त्यांनी समजावलं. लग्नापर्यंत रोज थोडा वेळ घरात घाला, टाचेच्या कडेला तेल लावा, असंही बजावलं. मी मान डोलावली, घरी आलो आणि नवी वस्तू मळायला नको म्हणून मोजड्या डब्यात ठेवून दिल्या.

लग्नाच्या दिवशी सौसरला त्या पहिल्यांदा पायात घातल्या. बसल्या बसल्या काही जाणवलं नाही. वरात निघायच्या वेळी घोडीनं बँडचा पहिला ठोका ऐकला आणि तोंडच फिरवलं. तिचा मालक तिला चुचकारत जो बाजूला घेऊन गेला, तो परत आलाच नाही. कार्यालय काही लांब नाही, पायीच जाऊ, असं वडील म्हणाले.

पहिल्या वळणावरच मोजडीची कड टाचेत रुतली. दुसऱ्या वळणावर डोळ्यांत पाणी आलं, आणि मुंडावळ्यांमुळे ते कोणाला दिसलं नाही. मोजडी काढून हातात घ्यावी तर नवरदेव अनवाणी. थांबावं तर मागून पाहुणे ढकलत होते. तेवढ्यात समोरचा खड्डा चुकवायला मी चवड्यांवर उडी मारली, आणि त्या क्षणी टाच मोकळी झाली. केवढं सुख! मी आणखी एक उडी मारली. मग उजवीकडे एक, डावीकडे एक. डफडंवाल्याला वाटलं, नवरदेव रंगात आला. तो पुढ्यात येऊन गुडघ्यावर बसला आणि असा काही वाजवायला लागला की माझे हातही आपोआप वर गेले.

पिशव्या सांभाळणारा माणूस नाचतो आहे, हे पाहून मित्र आधी चरकले, मग धावत आले. वडील रस्त्याच्या कडेला उभे राहून माझ्याकडे असे पाहत होते की हा मुलगा बदलून तर आला नाही ना. थांबलो की टाच चावायची, म्हणून मी थांबेना, आणि मी थांबेना म्हणून बँड थांबेना. गुरुजींचा निरोप आला की मुहूर्त निघून चालला आहे. तो निरोप घेऊन आलेला माणूसही नाचायला लागला.

कार्यालयाच्या गच्चीत ती हार घेऊन उभी होती. नवरीनं असं बाहेर येऊ नये म्हणून तिची मावशी तिला आत ओढत होती, आणि ती खांबाला धरून हसत होती. माझ्याकडे पाहून तिनं हारानंच तोंड झाकलं. त्यानंतर टाच दुखली की नाही, मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढुर्ण्याला आमच्या घरी मी अंगणात पाय धुवत होतो, तेव्हा तिला माझ्या टाचा दिसल्या.

"हे काय होय?"

"मोजडी चावली. चालता येत नव्हतं, म्हणून नाचलो."

ती खालीच बसली आणि पोट धरून हसत सुटली. आई स्वयंपाकघरातून डोकावून गेली. मग हसू आवरत तिनं विचारलं, "मंग तो नाच खोटाच होता म्हणा?"

"सुरवातीचा खोटा होता," मी म्हटलं. "तू दिसली, त्याच्यानंतरचा कसा काय झाला, मलेच समजून नाही राहिलं."

तिनं खोबरेल आणलं आणि टाचांना लावत लावत सांगितलं की चहा छान झाला एवढंच जन्मभर ऐकावं लागणार, या भीतीनं ती लग्नाआधी आठवडाभर मैत्रिणींपाशी रडत होती.

त्या मोजड्या मी टाकून देणार होतो. तिनं टाकू दिल्या नाहीत. डावीच्या आत लाल दोऱ्याचा टाका घातला, म्हणजे अदलाबदल होणार नाही, आणि मी रोज शाळेत त्याच घालून जायचं, हेही ठरवून टाकलं. सुरुवातीला त्या एवढ्या करकरायच्या की व्हरांड्यात त्यांचा आवाज ऐकूनच वर्ग गप्प बसायचा. हळूहळू बदामी रंग सुपारीसारखा झाला, अंगठ्याच्या जागी फुगवटा आला, डावी डाव्या अंगाला वळली, उजवी उजव्या. करकरही गेली, आणि त्यानंतर मी वर्गात पोचायचो तेव्हा मुलं बाकांवर उभी असायची. जाम नदीच्या पुलावर त्या कितीदा तरी भिजल्या. भिजल्या की आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवायच्या, मग तेल. तळ झिजले तेव्हा नवे लावले. शेवटी त्या इतक्या मऊ आणि सैल झाल्या की पायात आहेत हे विसरायला व्हायचं.

तिकडे सौसरला माझी कीर्ती वाढत होती. वरातीचा व्हिडिओ तिच्या माहेरच्या सगळ्या मोबाईलांत पोचला होता. तिच्या चुलतभावाचं लग्न बोरगावला निघालं, तर पत्रिकेआधी फोन आला की जावई नाचायला पाहिजेत.

बोरगावात घोडी शहाणी होती. नवरदेव वर बसला, बँड सुरू झाला आणि सगळे माझ्याकडे पाहायला लागले. माझ्या पायात काहीच टोचत नव्हतं. नाचायला काही कारणच उरलं नव्हतं. मी हळूच मागच्या टोकाकडे सरकलो, तर तिथं मामाजी, म्हणजे माझे सासरे, उभे. तहसीलमधून निवृत्त झालेला, मोजकं बोलणारा माणूस. त्यांना मोठ्यानं हसताना घरच्यांनीही पाहिलेलं नव्हतं. ते माझ्या कानाशी आले.

"जवाईबापू, तुमी सुरू करा. तुमच्या लग्नातच माह्या मनात होतं, पण नवरीच्या बापाले कुठं नाचता येते? आज मी नवरदेवाकडचा आहो."

मी त्यांचा हात धरला आणि आम्ही दोघं बँडच्या मधोमध गेलो. मामाजी खांदे उडवत, डोळे मिटून नाचत होते. सासूबाई तोंडाला पदर लावून म्हणत होत्या की यांना कोणीतरी आवरा, आणि स्वतःच टाळ्या वाजवत होत्या. मी रंगात येऊन एक पाय उंच झटकला. सैल मोजडी सुटली, मामाजींच्या टोपीवरून गेली आणि थेट घोडीवरच्या नवरदेवाच्या मांडीवर पडली.

क्षणभर बँडही थबकला. नवरदेवाच्या एका हातात कट्यार होती. दुसऱ्या हातानं त्यानं मोजडी उचलली, इकडेतिकडे पाहिलं, कोणी घ्यायला येईना, म्हणून तशीच छातीशी धरली. मामाजी एवढ्या मोठ्यानं हसले की घोडीनं मान वळवून पाहिलं. आम्ही पुढे नाचतच राहिलो, मी एका मोजडीवर. मांडवाच्या दाराशी नवरीच्या आईनं औक्षणाचं ताट आणलं. त्या बाईंना वाटलं, ही नवरदेवाकडची काही रीत असेल. त्यांनी त्याला कुंकू लावलं, आणि मग मोजडीलाही.

ते कुंकू पुसायला बायकोनं मला अजून परवानगी दिलेली नाही. शाळेत कोणी विचारलं तर मी अगदी पहिल्यापासून सांगायला लागतो आणि तास बुडतो.