अर्धा चेहरा आणि पळणारी बाई

पेण व रोहा परिसरातील तमाम गणेशभक्तांस जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, माझ्या चेहऱ्याची उजवी बाजू पूर्वसूचना न देता संपावर गेली आहे.

पेणच्या डॉक्टरीणबाईंनी हे इतक्या थाटात सांगितलं नाही. "भुवया वर करा. डोळे मिटा. हसा." डावीकडून मी हसलो, उजवीकडे कुणी घरीच नव्हतं. "बेल्स पाल्सी," त्या म्हणाल्या. म्हणजे चेहऱ्याच्या नसेला सूज येते आणि ती बाजू लुळी पडते. हा अर्धांगवायू नव्हे. पण ते डॉक्टरांनीच ठरवायचं. म्हणून चूळ भरताना पाणी ओठातून गळालं, तर घरी लेप लावत बसू नका. लगेच दवाखाना गाठा.

सूज उतरायला स्टेरॉइडच्या गोळ्या मिळाल्या. खरी काळजी डोळ्याची होती. तो मिटेना. "कोरडा पडला तर आत जखम होईल," बाईंनी बजावलं. दिवसभर थेंब घालायचे, झोपताना पापणी पट्टीनं चिकटवायची. मी गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतो. सगळं रंगकाम झालं की शेवटी डोळे. माझा डोळा गेला असता तर यंदा बाप्पाही आंधळे!

पुढच्या तपासणीला बाकावर बसलो होतो. सीमेवर लढाई पेटलेली. भिंतीवरच्या टीव्हीत घरं कोसळत होती आणि आमचा अख्खा बाक, गुडघेदुखीवाल्यांसकट, युद्धावर निघाला होता. तेवढ्यात रोह्याच्या गणेश मंडळाचा अध्यक्ष नंदू आला, आईला घेऊन, तिची शुगर तपासायला.

"काका, तुमच्या कारखान्यात आमच्या देखाव्याचे पुतळे बघितले. झकास! शत्रूचं गाव जळतंय, बाया पळतायत. फक्त डोळे भ्यालेले काढा. बघणाऱ्याला मजा आली पाहिजे."

"जवानांचे काढतो. पळणाऱ्या बाईचे नाय."

"त्यांनी आपली पोरं मारली, ती चालली?"

"मारणाऱ्याला धरा, मारा, मी टाळ्या वाजवीन. पण तिच्या कडेवरच्या पोरानं कुणाला मारलं? त्यांनी केलं ते पाप..."

'प' म्हणायला दोन्ही ओठ लागतात. माझं 'फाफ' झालं. बाक खदखदला. मी बोटानं गाल उचलून धरला आणि नाटकातल्या राजासारखा पुन्हा गरजलो, "पाप! आपण केलं तरी पाप!"

आता कुणी हसलं नाही. "देशद्रोही," कुणीतरी पुटपुटलं.

"मग ऑर्डर पनवेलला नेतो," नंदू म्हणाला.

"ने की. पुतळेपण ने."

आता तोंड बरंच सरळ आलंय, डोळा मिटतो. डॉक्टरीणबाईंचे उपकार आहेतच. गालांच्या व्यायामाला रोज आरशासमोर उभा राहतो. समोरचा माणूस जरा उद्धट दिसतो, पण मला आवडतो. मात्र अर्धे उपकार नंदूच्या आईचे; तिचं त्या दिवशीचं बोलणं आठवलं, की व्यायामाआधीच गाल हसू लागतात.

त्याचं असं झालं, की आमच्याकडे शत्रूचे वेगळे साचे नसतात. वडिलांनी फार पूर्वी मिठागरातली एक बाई, कडेवरच्या पोरासकट, समोर उभी करून साचा केला होता. तिच्या डोक्यावरची मिठाची पाटी काढली, ओढणी दिली, की झाली शत्रूची बाई. नंदूला हे ठाऊक नव्हतं. त्या दिवशी बाकावरच, मला पटवायचा शेवटचा प्रयत्न म्हणून त्यानं मोबाइलवर पळणाऱ्या बाईच्या पुतळ्याचा फोटो मोठा करून धरला. शेजारून आई वाकली. डोळे बारीक करून बघितलं. मग टीव्हीपेक्षा मोठा आवाज काढून म्हणाली,

"नंद्या, मेल्या, ही तर मी हाय! आन् कडेवर तू!"