परत म्हणा

जळगावातले आमचे शेजारी विमानतळावर कंट्रोलर आहेत. ढगात शिरलेल्या पायलटला बाहेरचं काही दिसत नाही. यांनी सांगितलेली उंची त्याने परत म्हणून दाखवली, की मगच पुढचं बोलणं. घरीही तेच. दूधवाल्यालासुद्धा म्हणतात, "परत म्हणा." माझे वडील, आबा, वैतागायचे: "समजनं ना भाऊ, बठ्ठं समजनं!"

आबांच्या छातीत कळ आली, तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्सला फोन शेजाऱ्यांनीच केला. ड्रायव्हर "हो, हो" करत होता.

"हो नको. पत्ता परत म्हणा."

त्याने भलत्याच कॉलनीचं नाव घेतलं. यांनी आवाज न चढवता ते सुधारलं आणि पुन्हा म्हणून घेतलं.

आबा बरे होऊन घरी आले. शेजारी म्हणाले, "आबा, जिना चढायचा नाही."

आबा हळूच म्हणाले, "जिना चढाना नही."