वहिनींचे पाच पर्याय

वहिनींशी पाच मिनिटं बोलून बाहेर पडलेला माणूस स्वतःच्या मनाविषयी आधी होता तितकाच निश्चिंत राहिला, असं एकही उदाहरण अख्ख्या मनीषनगरात सापडणार नाही. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. शाळेत भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या, त्याच वर्षी दादा गेला. लेक नोकरीसाठी बंगलोरला. आता वहिनी देवपूजा आणि भिशी करतील असं आम्ही धरून चाललो होतो, तर त्यांनी मानसशास्त्रात पीएच.डी.ला नाव नोंदवलं. एम.ए. त्यांनी नोकरीत असतानाच बाहेरून केलं होतं, हे आम्ही सगळे साफ विसरलो होतो. विषय निवडला, खेड्यात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा एकटेपणा. तो मोजायचा. एकटेपणा मोजतात कसा, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आता तर मुळीच कळत नाही.

जिना चढून धापा टाकत मी त्यांच्या दारात उभा राहिलो की वहिनी चष्म्यावरून बघत विचारायच्या, "भाऊजी, तुम्ही चिडून राहिले की घाबरून राहिले?" मी नुसता दमलेला असायचो. पण त्यांनी विचारल्यावर आपण चिडलोच असू असं वाटायला लागायचं, आणि घरी पोचेपर्यंत मी खरोखर चिडलेला असायचो. एकदा त्यांच्याबरोबर इतवारीच्या बाजारात कढई घ्यायला गेलो, तर गिऱ्हाईक काही न घेता निघून गेलं की मनात नेमकं काय होतं, असं त्यांनी भांडेवाल्यालाच विचारलं. त्या भल्या माणसानं असा विचार जन्मात केला नसावा. त्यानं कढई कागदात बांधली, सोडली, परत बांधली. पुढे मी एकटा त्या गल्लीतून जात होतो, तर त्यानं हात करून थांबवलं आणि काळजीनं म्हणाला, "भैया, मॅडमने वो काहे को पूछा था?" मला तरी कुठे ठाऊक होतं.

सगळ्यात मोठा उच्छाद पाच पर्यायांचा. वहिनींच्या प्रश्नावलीत एकेक वाक्य असायचं आणि त्याखाली पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. त्याचा सराव आमच्यावर. खिचडीत मीठ कमी आहे, यावरसुद्धा मत द्यायचं ते या पाचांतूनच. माझ्या बायकोला 'सांगता येत नाही' हा पर्याय इतका आवडला, की चहा टाकतेस का विचारलं तरी तेच उत्तर येऊ लागलं.

खरी पंचाईत झाली ती नरखेड तालुक्यात. दिवाळीपर्यंत प्रबंध जमा केला नाही तर नोंदणी रद्द होणार होती, म्हणून मी गाडी काढली आणि वहिनींना गावोगाव फिरवलं. पोरं पुण्याला गेलेली, संत्र्याच्या बागेत म्हातारी माणसं एकटीच. विहिरीवरची मोटर बिघडली तर मेकॅनिक येतो, तेवढाच पाहुणा. वहिनी आधी चहा घ्यायच्या, गुडघ्यांची चौकशी करायच्या, मग कागद काढून वाचायच्या, "मला एकटं एकटं वाटतं." उत्तर एकच. पूर्ण असहमत. या घरी तेच, पुढच्या गावीही तेच.

वहिनींचे गाईड त्यांच्या लेकीच्या वयाचे. ते कागद चाळून हताशपणे म्हणाले, "मॅडम, या तालुक्यात तर कोणीच एकटं नाही. मग प्रबंध कशावर लिहायचा?" वहिनींचा चेहरा उतरला. एवढी मेहनत पाण्यात जाणार, असं मलाही वाटलं. आम्ही पुन्हा गेलो. बागेतल्या एका आजीबाईंना वहिनींनी हात धरून विचारलं, खरं काय ते सांगा. आजी वैतागल्या.

"बाई, तू एवढ्या दुरून आली, माह्यासमोर बसून राह्यली, अन् मी तुले सांगू का मले एकटं वाटते म्हनून? तुले वाईट नाही वाटन का वं?"

परतताना मी म्हटलं, म्हणजे सगळी उत्तरं खोटी. "खोटी नाही, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "मी समोर असताना खरंच वाटत नसंल. मग मी मोजलं तरी काय?" त्यावर त्यांनी युक्ती काढली. कागद घरी ठेवून यायचे, मागाहून त्यांनी निवांत भरायचे. पुढच्या खेपेला पाहतो तर सगळे कागद कोरे, घडी करून जपून ठेवलेले. वहिनी आल्या की त्यांच्यासोबत बसून भरू, असं सगळ्यांनी आपापलं ठरवलं होतं.

हे ऐकून गाईडनी एक कोरा कागद उलगडून पाहिला. मग म्हणाले, हेच लिहा, आणि मुदतवाढीच्या अर्जावर सही केली. त्यांनी त्याच दिवशी गावाकडे आईला फोन लावला म्हणे, कशी आहेस विचारायला. ती मजेत आहे म्हणाली, तेव्हापासून तेही गोंधळलेलेच आहेत.

आता प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलंय. माहिती गोळा करून कधीच झाली, तरी वहिनी आठवड्याला नरखेडची एसटी पकडतात. प्रबंध जमा झाला की तिकडे कशाला आले म्हणून सांगायचं, याचं उत्तर त्यांना सुचत नाही. वाढवलेली मुदतही संपत आली आहे आणि मला त्यांची काळजी वाटते.

परवा दळण टाकायला निघालो होतो, वाटेत वर वहिनींकडे डोकावलो. त्या संत्रं सोलत होत्या. निघताना चपला घालता घालता, थट्टा म्हणून मी टेबलावरचा एक कोरा कागद उचलला आणि त्यांच्याच सुरात वाचलं, "मला एकटं एकटं वाटतं. बोला वहिनी."

वहिनींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं.

"लिहा भाऊजी. पूर्ण असहमत."

मला एकदम दादाची फार आठवण आली. चक्की बंद व्हायची वेळ झाली होती. मी दळणाचा डबा कोपऱ्यात ठेवला, चपला काढल्या आणि म्हटलं, "वहिनी, चहा टाका."