परत आलेला होकार

वसमतला माझा सायबर कॅफे होता, तेव्हा जवळच्या बंजारा तांड्यावरून एक तरुण यायचा. पासवर्ड टाकताना तो रुमालानं बोटं झाकायचा. एकदा त्याला पुण्याहून मुलाखतीचं कॅलेंडर-आमंत्रण आलं. त्यानं तीनदा ‘येणार’ दाबलं. तिन्ही वेळा उत्तर नाकारलं जाऊन परत आलं.

“तुमीच कायतरी करून राहिले,” तो माझ्याकडे रोखून पाहत म्हणाला.

“उत्तर तुमच्या नावानं, पण दुसऱ्याच सर्व्हरवरून गेलं. म्हणून त्यांच्या मशीनला ते खोटं वाटलं.”

माझा फोन न वापरता त्यानं समोरच्या बूथवरून पुण्याला फोन लावला. परतला तेव्हा चेहरा उजळला होता.

“या म्हणले. मशीनचं सोडा, तांडा म्हणलं की माणसंबी आमाला आधी खोटंच धरतात.”

एवढ्या गिऱ्हाइकांत पहिल्या दिवशी ओळखपत्र मी फक्त त्याच्याकडंच मागितलं होतं.