पिवळ्या मुंगीची ओळख

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून मी सकाळी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जायचो. तिथे पन्नाशीतल्या एक बाई रोज दिसायच्या. पदर कमरेला खोचून पाचोळ्यात गुडघ्यांवर बसलेल्या आणि तोंडात रबरी नळी. त्या नळीने श्वास ओढून मुंगी अलगद बाटलीत घ्यायच्या. कॉलेजात शिकवायच्या आणि इथल्या मुंग्यांच्या जातींची यादी करत होत्या, एवढं मला कळलं होतं. नाव विचारायचं राहूनच गेलं.

एकदा त्यांना एक बारीक, पिवळसर मुंगी सापडली. ती कुठल्याच पुस्तकाशी जुळेना. आजवर कुणाला ठाऊक नसलेली जात असेल, या आशेने त्या दोन वर्षं तिच्यामागे होत्या. मग एका सकाळी त्यांनीच मला हाक मारली.

"अहो, परदेशातल्या संग्रहालयातून पत्र आलंय. आपली मुंगी जुनीच निघाली. कुणीतरी फार पूर्वीच तिला नाव देऊन ठेवलंय."

"अरेरे! दोन वर्षं फुकट गेली की तुमची."

"फुकट कशी? वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. काल जेवणसुद्धा गेलं नाही. पण तिची ओळख तर पटली ना! मी भलतंच नाव चिकटवलं असतं, तर पुढे अभ्यास करणाऱ्याची वाट लागली असती."

आज तरी त्या लवकर घरी जातील, असं मला वाटलं. पण त्यांनी नळी तोंडात धरली आणि मला हातानेच बाजूला व्हायची खूण केली. माझ्या चपलेला वळसा घालून मुंग्यांची एक रांग चालली होती.