पोटरीला लागलेला चेंडू

हे मी अनघालासुद्धा सांगितलेलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, नागोयाच्या आमच्या पहिल्या फ्लॅटमध्ये तर रुसून बसायलाही दुसरी खोली नव्हती — तरी नाही. बायको म्हणून तिला माझं सगळं माहीत आहे, असं ती चारचौघांत सांगते. मी मान डोलावतो.

आणि गोष्ट तरी काय? ऐकाल तर हसाल. खेळताना एक चेंडू माझ्या पायाला लागला आणि मी लागला नाही म्हणालो. शाळेच्या मैदानावर पोरं रोज करतात असलं. मग हे अजून घशाशी का अडकून बसलंय?

जरा मागून सांगतो. मी बर्वे, पुण्याचा, कंत्राटावर इथे आलेला सॉफ्टवेअरवाला. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मला बसवलं होतं. तिथल्या लोकांची अमेरिकन फुटबॉलची हौशी टीम होती — हो, जपानमध्ये अमेरिकन फुटबॉल. मलाही तेव्हा गंमत वाटली होती. समोरच्या टेबलावरचे निशिदा-सान — सान म्हणजे आपल्याकडचं राव — त्या टीममध्ये होते. मी रोज एकटाच डबा खातो, हे ऑफिसात पहिल्यांदा दिसलं ते त्यांना. क्रिकेट खेळायचो म्हटल्यावर म्हणाले, मग उंच झेल येत असतील तुम्हाला! रविवारी नदीकाठच्या मैदानावर घेऊन गेले, डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि सगळ्यांच्या मागे नेऊन उभं केलं. समोरच्यांनी किक मारून उडवलेला चेंडू धरायचा. बस, एवढंच काम.

एवढंच कसलं! या खेळात किकच्या नियमांइतकी डोक्याची मंडई दुसऱ्या कशाने होत नाही. तुम्हाला सगळं सांगत नाही, फक्त लागेल तेवढं सांगतो. समोरच्यांनी किक मारली आणि आपल्यापैकी कुणीच चेंडूला हात लावला नाही, तर तो घरंगळत थांबतो आणि आपलाच होतो. पण आपल्यापैकी एकाला जरी तो नुसता चाटून गेला — नखाला, मोज्याला, कशालाही — की तो मोकळा. जो आधी झडप घालेल त्याचा. त्यालाही अपवाद आहे: समोरच्याने आपल्याला ढकलून चेंडूवर पाडलं, तर लागला असं धरत नाहीत. आणि त्यांनीच आधी हात लावला असेल तर आणखी वेगळं. वर्षानुवर्षं खेळलेली माणसंसुद्धा इथे गडबडायची. मी नाही गडबडलो. पुण्यात इंजिनिअरिंग केलेल्या माणसाला एक गोष्ट नक्की येते — न आवडणारा विषय पाठ करणं. हळूहळू टीममध्ये पद्धतच पडली, किकचं काही अडलं की बर्वे-सानना विचारा. परक्या देशात कुणी आपल्याला विचारतं, याचं किती अप्रूप असतं ते तिथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. माझी मान ताठ झाली होती. तीच नडली का? — नाही, मानेवर कशाला ढकलू.

त्या मोसमाचा शेवटचा सामना. हरलो तर खालच्या गटात जाणार होतो. जिंकलो तर पुढच्या वर्षी निशिदा-सान कप्तान होणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. त्यांनी स्वतःही. आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी मागितलेली तेवढी एकच गोष्ट मला माहीत आहे.

किक उंच गेली. नदीवरून वारा होता, चेंडू हेलकावे खात आला. झेपणार नाही हे मला कळलं आणि मी ओरडलो — हानारेरो! म्हणजे लांब व्हा, कुणी शिवू नका. सगळे पांगले. माझाच अंदाज, माझीच हाक, सगळं नियमाप्रमाणे. तो लांबुळका चेंडू टप्पा पडला की कुठे उडेल याचा नेम नसतो. तो उडाला आणि माझ्या डाव्या पोटरीला चाटून गेला.

लागला हे मला कळलं. त्याच क्षणी कळलं. इथे मला खोटं बोलायचं नाही.

मी काय करायला हवं होतं? चेंडूवर पडायला हवं होतं. पण मी पडलो असतो तर सगळ्यांना दिसलं असतं की लांब व्हा म्हणणाराच आड आला. मी नुसता उभा राहिलो. हात बाजूला धरून, जणू माझा काही संबंधच नाही. वाटलं, पंच पलीकडे आहेत, मध्ये इतकी माणसं आहेत, चेंडू थांबेल आणि संपेल. लहानपणी बॅटची कड लागली की पंचाकडे न बघता चालू लागणारा मुलगा होतो मी. कुठे गेला तो?

निशिदा-साननी मात्र पाहिलं होतं. चेंडू मोकळा झालाय हे त्यांना कळलं आणि त्यांनी स्वतःला झोकून दिलं. माझी चूक निस्तरायला. चेंडू त्यांच्या छातीखालून निसटला, समोरच्यांनी घेतला, आणि पुढच्याच चालीत त्यांचे गुण झाले. आम्ही हरलो. सगळ्यांनी काय पाहिलं? बर्वे ओरडून सांगतोय लांब व्हा, आणि निशिदा जाऊन चेंडूवर पडतोय.

सामना झाला की हान्सेइकाइ होते. गोल उभं राहायचं आणि प्रत्येकाने आपापली चूक सांगायची. फक्त आपली. दुसऱ्याची सांगण्याची रीत नाही. निशिदा-सानांची पाळी आली तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. दाराशी थांबून आपण दुसऱ्याला पुढे व्हा म्हणतो ना, तसं. मग कमरेत वाकून म्हणाले, चेंडू माझ्या हातून निसटला, माफ करा. आपण का पडलो, ते बोलले नाहीत. ती जागा त्यांनी माझ्यासाठी सोडली होती.

माझी पाळी आली. मी म्हणालो, हाक जरा उशिरा दिली.

तेवढ्यावर तरी थांबलो असतो. पण कोच म्हणाले, बर्वे-सान, हा नियम एकदा सगळ्यांना समजावून सांगा, पुन्हा असं नको व्हायला. आणि मी समजावला. अपवादांसकट. आपल्यापैकी कुणालाच लागला नसेल, तर शिवायचं नाही — हे वाक्य मी निशिदा-सानसमोर उभं राहून, स्पष्ट आवाजात उच्चारलं. नियम अगदी बरोबर सांगितला होता मी. आजही त्यात एक शब्द चुकीचा सापडणार नाही.

दोन दिवसांनी सायकली लावतो तिथे निशिदा-साननी मला गाठलं. आजूबाजूला कुणी नाही हे पाहून हळूच विचारलं, "बर्वे-सान, तुमच्या पायाला लागला होता का? तसं दिसलं मला."

"नाही," मी म्हणालो.

"असं का," ते म्हणाले. "मग माझीच नजर चुकली."

तुम्हाला वाटेल, त्यांना राग आला असेल, मनात ठेवलं असेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पुढच्या आठवड्यात ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. जेवताना मला सांगितलं — डोळे उत्तम आहेत म्हणतात. आणि हसले, गोंधळल्यासारखे. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. माझा घास तोंडातच फिरत राहिला, आणि तरी मी गिळला.

त्यानंतर त्यांचा खेळ गेला. चेंडू समोर आला की थबकायचे, इकडेतिकडे बघायचे. कप्तान दुसराच झाला. वसंत ऋतूत त्यांनी टीम सोडली आणि पुढे कंपनीही. लांब त्सुकुबाला नोकरी धरली. निरोपाच्या जेवणात मला म्हणाले, तुमच्याकडून नियम शिकलो.

आता किकचा कोच मी आहे. आणि टीममध्ये चेंडूपासून लांब व्हा सांगायला हानारेरो कुणी म्हणत नाही. त्या सामन्यानंतर कुणीतरी चेष्टेने सुरू केलं आणि तेच रूढ झालं — "निशिदा!" पुढे सान नाही, नुसतं नाव. म्हणजे निशिदा करू नकोस. ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नाही अशी नवी मंडळी हे ओरडतात. शिकवतो मी. हाक छोटी आहे, मैदानभर पोचते, बदलायला कारण काय, असं मी स्वतःला म्हणत आलो. कारण मला माहीत नव्हतं का?

गेल्या शरदात निशिदा-सान मैदानावर आले. नागोयाला काम होतं म्हणून, छोट्या लेकीला घेऊन. कडेच्या दोरीपाशी माझ्याशेजारी उभे राहिले. थंडी लवकर पडली यंदा, असं काहीतरी बोलत होतो आम्ही. तेवढ्यात किक उंच गेली. मला कळलं आता काय होणार. थांबवता येणार नव्हतं.

"निशिदा!"

सगळे पांगले. चेंडू टप्पे घेत एकटाच घरंगळत गेला. लेक आनंदाने उड्या मारू लागली — बाबा, तुमचं नाव! तुम्हाला बोलावतायत! ते क्षणभर त्या चेंडूकडे बघत राहिले. मग उकिडवे बसून तिला म्हणाले, "बोलावत नाहीत गं. बाबाला इथे एकदा नीट दिसलं नव्हतं, त्याची आठवण ठेवलीय त्यांनी." आणि मान वर करून मला विचारलं, "हो ना, बर्वे-सान?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. तेही बघत होते. पोटरीला तो चेंडू मला त्या क्षणीसुद्धा जाणवत होता.

मी म्हणालो, हो.