राक्षसाचा चष्मा

आमच्या गावातल्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, मी कित्येक वर्षं डोळ्यांची आखणी केली. त्या भरवशावर मुंबईच्या भाच्याने मला टेबलावर मांडून खेळायच्या लढाईचे सैनिक रंगवायला पाठवले. प्लास्टिकचे, जेमतेम बोटाच्या पेराएवढे. डोळा मोहरीहून लहान. श्वास रोखून ब्रशाचं नुसतं टोक टेकवायचं आणि त्याच क्षणी शिंक येऊ द्यायची नाही.

त्यांत कुऱ्हाड घेतलेला एक राक्षस होता. पापण्या जराशा खाली आल्या, भुवया जाड झाल्या, आणि बघतो तर शेजारचे काका! निवृत्त हेडमास्तर. मी मुद्दाम केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काका पेपर मागायला आले आणि त्यांनी भिंग उचललं. ते राक्षसावर धरलं.

"ह्यो मीच मां?"

मी घाबरून म्हणालो, "नाय हो काका, ह्यो राक्षस आसा."

"ता माका दिसता. पण माझो चष्मो खंय आसा?"

मग रोज सकाळी काका समोर खुर्ची टाकून बसू लागले. मी केसाएवढ्या रेषेने चष्मा काढला. मिशी दोनदा बारीक केली. दात मात्र त्यांनी तसेच ठेवायला लावले, "माझे आता इतके खंय रवले!"

पार्सल गेलं. आठवड्याने भाच्याचा फोन आला. सगळ्यांना रंगकाम आवडलं होतं. राक्षस मात्र पहिल्याच डावात मेला. हे मी काकांना सांगायला नको होतं.

"कोणी मारल्यान माका?"

"एका बुटक्यान."

काका चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी आले ते भाच्याचा नंबर मागायलाच. फोनवर एकदम शाळेतल्या मराठीत शिरले, "तुम्ही मला एकट्याला पुढे का पाठवलंत? मागे कोण होतं?"

भाचा बिचारा नियम समजावत राहिला, काका एकेक नियम खोडत राहिले. शेवटी ती लढाई पुन्हा खेळायचं ठरलं.

त्या रविवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या पडवीत फोनजवळ बसले. संध्याकाळी निकाल आला. त्यांची बाजू हरली होती, पण राक्षस जिवंत होता.

काका उठले, घरी गेले आणि काकूंना म्हणाले, "मरता मरता वाचलंय गो!"

काकूंनी घाबरून डॉक्टरांना फोन लावला.